केशराचे खांब

१

त्या शनिवारी सकाळी सकाळीच उत्तराचं डोकं फिरलं, ते केशरावरून.

पाडव्याचं मराठी मंडळाचं जेवण दुसऱ्या दिवशी होतं आणि श्रीखंड तिच्या गळ्यात पडलं होतं. रात्रभर सिंकवर दह्याचं गाठोडं टांगून ठेवलेलं, चक्का झकास उतरलेला. आता एवढ्या चक्क्याला आपल्या घरातलं पातेलं कुठलं पुरणार, म्हणून ती मंडळाचं मोठं पातेलं आणायला बेसमेंटमध्ये उतरली. शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि केशराचा भपकारा आला. चिमूटभर केशराचा नव्हे हो, कुणी अख्खी डबी उघडून दुधात खलली असावी असा.

अमेरिकेतल्या त्या श्रूजबरीत तेव्हा केशर मिळायचं नाव नव्हतं. पुण्याहून बहिणीने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवलेली ती एवढीशी डबी. उत्तरा ती बँकेत ठेवायचीच काय ती बाकी होती.

तिचा नवरा नरेंद्र खाली त्याच्या त्या थर्माकोलच्या देवळासमोर मांडी ठोकून बसला होता. बोटं पिवळीधमक.

"नरेंद्र! माझ्या केशराला हात लावलास?"

"कुठलं केशर?"

"हे बोटांना काय लागलंय मग?"

त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "रंग असेल. समुद्राला दुसरा हात देत होतो."

"समुद्र निळा आहे, नरेंद्र. निळ्या रंगाने बोटं पिवळी होतात होय तुझी? वास येतोय मला, जिन्यापर्यंत!"

"मला कसला वास येत नाही बुवा. सर्दी आहे मला."

याच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. ती तणतणत वर आली आणि मसाल्याचं कपाट उघडलं. डबी मागच्या कोपऱ्यात होती. तिच्यावर बहिणीने चिकटवलेली टेप जशीच्या तशी होती, नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

उत्तरा डबी हातात धरून उभी राहिली. भांडण तर अर्धं झालं होतं आणि मुद्देमाल शाबूत होता. मग ती गुपचूप खाली गेली आणि त्याच्याकडे न बघता पातेलं घेऊन आली.

२

त्या देवळाची मूळ कथा म्हणजे नसती उठाठेव होती, दुसरं काही नाही.

नरेंद्र दिवसा इंजिनिअर आणि गणपती आले की मंडळाचा मखरवाला. नायक्रोमच्या तापलेल्या तारेने थर्माकोल कापण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये कुणी नाही, असं मंडळी म्हणायची आणि तो ते खरं मानायचा. त्यात लेकीला, विनीताला, सहावीत प्रोजेक्ट मिळालं, प्राचीन ग्रीसमधली एखादी जागा. बुटांच्या खोक्यात मावेल एवढं मॉडेल करायचं. पोरीने लायब्ररीतून पुस्तक आणून आर्टेमिझियम नावाचं एक भूशिर निवडलं. तिथे समुद्राकडे, पूर्वेला तोंड केलेलं आर्टेमिस देवीचं लहानसं देऊळ होतं, आणि समोरच्या पाण्यात ग्रीकांची आणि पर्शियाच्या बादशहाची आरमारं तीन दिवस झुंजली होती.

"खोक्यात?" नरेंद्र म्हणाला. "हॅ!"

झालं. गॅरेजमधून गेल्या वर्षीच्या मखराचे खांब आले. प्लास्टर ओतून समुद्र झाला. आइस्क्रीमच्या काड्यांच्या होड्या, त्यांना टूथपिकची वल्ही. सगळं मिळून जेवणाच्या टेबलाएवढं झालं आणि झाल्यावर लक्षात आलं की ते बेसमेंटच्या दारातून बाहेर निघत नाही. नाकापेक्षा मोती जड! बिचारी विनीता शाळेत फोटो घेऊन गेली. टीचरने फोटो पाहून सरळ विचारलं, हे तुझ्या बाबांनी केलंय ना? आणि बी ग्रेड दिला. उत्तराने नवऱ्याला पुढचे चार दिवस त्या बीवरून धारेवर धरलं.

पण ती चूक तशी साधीच. दुसरी चूक दोघांनी मिळून केली. ज्या संध्याकाळी देऊळ पुरं झालं, त्या संध्याकाळी नरेंद्रने वर हाक मारली, "उत्तरा, अक्षता आण गं!" मखर पुरं झालं की अक्षता टाकायची त्याची सवय.

"अरे शाळेचं प्रोजेक्ट आहे ते!" ती म्हणाली, पण तबक घेऊन गेली. आत त्याने क्लेची वीतभर देवी उभी केली होती, शेजारी हरीण. देवीचं कपाळ मोकळं होतं. उत्तराच्या आईने दारात आलेल्या बाईमाणसाला हळदकुंकू लावल्याशिवाय कधी पाठवलं नव्हतं. उत्तराचा हात आपला आपण पुढे गेला आणि देवीला कुंकवाचं बोट टेकवून आला. नरेंद्रने अक्षता टाकल्या आणि मंडळाच्या त्र्यंबककाकांसारखा घोगरा आवाज काढून म्हणाला, "सुप्रतिष्ठितमस्तु!"

विनीताने लगेच हात वर करून आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा मोरया!" एरवी ही पोरगी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. तिचं मराठी म्हणजे आरती आणि विसर्जन, एवढंच. पण ते मात्र पुण्याच्या पोरांना लाजवील असं, खणखणीत.

तिघंही हसली होती तेव्हा.

३

पाडवा पार पडला. श्रीखंडाचं कौतुक झालं. बेसमेंटमधला वास काही गेला नाही.

"आई, इट्स द पिलर्स," विनीता सकाळी सीरियल खाताखाता म्हणाली.

"कसले पिलर्स?"

मग तिने सांगितलं. कुणा जुन्या ग्रीक माणसाने लिहून ठेवलंय म्हणे, की त्या देवळाभोवती पांढऱ्या दगडाचे खांब होते आणि ते हाताने चोळले की केशराचा रंग आणि केशराचा वास यायचा.

उत्तराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अस्सं! म्हणजे तुझ्या बाबांनी ते वाचून कसलं तरी इसेन्स लावून ठेवलंय. आणि मला म्हणतो सर्दी आहे!"

"नो, ही डिडन्ट नो. तो पार्ट मी लेफ्ट आउट केला. इट साउंडेड फेक."

उत्तरा कामाला जायच्या कपड्यांतच खाली उतरली. इस्पितळाच्या लॅबमध्ये उभा जन्म गेलेली बाई ती, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणारी नव्हे. तिने एक खांब अंगठ्याने चोळला. थर्माकोल कुरकुरला. खांब पांढराच राहिला. अंगठा पिवळा झाला.

तिने दुसरा खांब चोळला. मग तिसरा. स्प्रे मारला की थर्माकोल विरघळतो, त्यातून काहीतरी सुटत असेल, असं तिने स्वतःला बजावलं. कुठल्या स्प्रेने केशराचा वास येतो, हे मात्र तिला काही सुचेना. साबण लावूनही दिवसभर अंगठ्याचा वास गेला नाही. लॅबमध्ये दोघीतिघींनी विचारलं, कुठलं परफ्यूम लावलंयस?

४

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! त्याच आठवड्यात बेसमेंटमध्ये पाणी आलं.

कोपऱ्यात जमिनीत एक खड्डा होता आणि त्यात पाणी उपसायचा पंप. बर्फ वितळलं की तो चालायचा, दरवर्षीचंच. पण या खेपेला पंप थांबेना आणि पाणी हटेना. नरेंद्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पोछा मारत बसला. प्लंबर आला, खड्ड्यात टॉर्च मारला आणि म्हणाला की या वसंतात गावात सगळ्यांच्याच घरी पाणी आहे. एवढं ऐकवायला त्याला बोलवायला नको होतं.

पाणी वाळलं तिथे भिंतीवर पांढरी रेघ उमटली. उत्तराने बोटाला लावून जिभेला टेकवली आणि थुंकली. खारट, समुद्राच्या पाण्यासारखं.

तिने बाटलीत नमुना भरून लॅबमध्ये नेला. मीठ भरपूर निघालं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, त्यात काय, हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, तेच मुरतं. उत्तराला इतकं हायसं वाटलं की तिने त्या बाईला डब्यातली पोळी खायला दिली.

संध्याकाळी घरी आली तर नरेंद्र जिन्यावर बसलेला. खालून पंपाचा आवाज येत होता. ठप्प... ठप्प... ठप्प. पाण्यावर एकदम पुष्कळ फळ्या आपटाव्यात तसा. आणि त्याच्या तालावर एक बारीक शीळ.

"बेअरिंग गेलंय वाटतं पंपाचं," उत्तरा म्हणाली. "किती दिवस सांगतेय बदलून टाक!"

नरेंद्रने हात पुढे केला. त्याच्या हातात पंपाची वायर होती. प्लग काढलेला होता.

"मग आवाज कसला येतोय?"

"तेच ऐकत बसलोय," तो म्हणाला. "आणि खड्ड्याचा तळ खरवडला मी. राख निघतेय गं. काळी, बारीक. वाळू आणि राख."

"जुनी बॉयलरची राख असेल. पूर्वी कोळसा जाळायचे."

"हे घर बहात्तर सालचं आहे, उत्तरा."

तिला भयंकर राग आला. नवऱ्याचा, घराचा, त्या खड्ड्याचा. आपण कारणं शोधून आणायची आणि याने ती एकेक करून खोडायची!

५

विनीता पहाटे उठून बेसमेंटमध्ये जाते, हे उत्तराला उशिराच कळलं. शाळेसाठी हाका मारमारून घसा बसायचा त्या पोरीसाठी, आणि ती आपली आपण उठते म्हटल्यावर उत्तरा आधी खूषच झाली होती.

मग तिने धुवायला टाकलेले पायजमे पाहिले. सगळ्यांच्या कडा ओल्या आणि काळ्या. आंघोळीनंतर केस पुसून देताना पोरीच्या खांद्यांवर वळ दिसले. दप्तराच्या पट्ट्यांचे असावेत, पण पट्ट्या तिथे येत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी उत्तरा खाली उतरली. विनीता देवळासमोर उकिडवी बसली होती. दोन वेण्या, निळा पायजमा. दोन्ही तळहात पिवळे.

"काय चाललंय इथे? थंडीत अशी बसलीस, न्यूमोनिया होईल!"

"दे डोन्ट हॅव इनफ पीपल, आई," विनीता शांतपणे म्हणाली.

"कोण दे? कशाला पीपल?"

"टु कॅरी."

"काय कॅरी करायला?"

विनीताने प्लास्टरच्या समुद्राकडे पाहिलं, मग आईकडे. एवढं साधं कळत नाही का, अशा नजरेने. "आग विझायच्या आत न्यायला लागतं," ती म्हणाली. आख्खं वाक्य मराठीतून बोलताना उत्तराने तिला फार क्वचित ऐकलं होतं. "शी सेड मला स्ट्राँग आर्म्स आहेत."

"कोण शी?"

उत्तराने तिचा हात गच्च धरला आणि तिला मागे ओढलं. ओढताना तिचाच पाय ओल्या फरशीवरून सटकला, ती गुडघ्यावर आली आणि तिचे डोळे त्या देवळाच्या दाराच्या पातळीला आले.

देवळाच्या मागच्या बाजूला नरेंद्रने सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला होता. तिने स्वतः चिकटवताना पाहिला होता. पुठ्ठ्याच्या आधी मध्ये देवी आड यायला हवी होती.

देवी जागेवर नव्हती. पुठ्ठाही नव्हता. तिथे उजाडत होतं. करड्या उजेडात लांबलचक वाळू आणि खाली बसलेला धूर. पाण्याच्या कडेकडून माणसं वाकून वाकून चालत होती, दोघं दोघं मिळून काहीतरी जड वर पेटलेल्या आगीकडे नेत होती. ती माणसं लहान नव्हती, लांब होती. त्यांच्यात एक पोरगी होती. दोन वेण्या, निळा पायजमा, पाठमोरी. तिच्या खांद्यावरून कुणाचा तरी हात खाली लोंबत होता.

आणि विनीताचा हात उत्तराच्या हातात होता. गरम, घट्ट धरलेला.

तिकडची पोरगी थांबली आणि मान वळवू लागली. उत्तराने डोळे गच्च मिटले आणि लेकीला उचलूनच जिना चढली. वर चढताचढता एकदा वळून पाहिलं, तेव्हा देवी जागच्या जागी होती. कपाळावरचं कुंकू ओलं दिसत होतं.

६

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं नसते धंदे करायला?" फोनवर त्र्यंबककाका खेकसले. ते निवृत्त केमिकल इंजिनिअर, मंडळाची पूजा तेच सांगायचे. "ग्रीक देवीला अक्षता! उद्या लिबर्टीच्या पुतळ्याला जानवं घालाल!"

"काका, चुकलं आमचं. आता काय करू ते सांगा. माझी पोर हातची चाललीय हो," उत्तरा म्हणाली, आणि म्हणताना तिला रडू फुटलं.

काकांचा आवाज खाली आला. "आधी रडू नकोस. हे बघ, बोलावलंत आणि निरोप दिला नाहीत. पाहुणा ताटकळला की घरातलंच माणूस कामाला लावतो. उत्तरपूजा करा, दहीभाताचा नैवेद्य, अक्षता टाकून मूर्ती जागची हलवा. मग ते मखर तोडा आणि देवी समुद्रात पोचवा. आणि एक ऐक. शेवटी आपण 'पुनरागमनाय च' म्हणतो ना, परत या म्हणून? ते घरच्या देवाला. हिला म्हणायचं नाही. नरेंद्रला बजावून सांग, त्याची जीभ फार सैल आहे."

तिने नरेंद्रला बजावलं. एकदा नव्हे, दहादा. त्यानेही काही न बोलता मान हलवली, याचंच तिला नवल वाटलं. त्याने दहीभात ठेवला, अक्षता टाकल्या, देवी हलवली आणि तोंडाला कुलूप लावल्यासारखा उभा राहिला. ठप्प ठप्प बंद झालं नाही, पण जरा लांब गेलं. मग त्याने तारेने सगळे खांब कापले. कापताना त्याचे डोळे पाणावले होते, आणि उत्तराला एवढ्या घाईतही त्याची कीव आली.

तिने विनीताला न्हाऊ घातलं. डाळीच्या पिठाने, साबणाने, लिंबाने तळहात घासघासून काढले. पिवळेपणा गेला. वासही गेला. तिने हुंगून पाहिलं, फक्त साबणाचा वास येत होता. पोर जेवली, टीव्ही पाहिला, गणिताच्या होमवर्कवरून तिने बापाशी वाद घातला, तोही इंग्रजीत. हे सगळं इतकं नेहमीसारखं होतं की उत्तराने देवाला हात जोडले.

७

थर्माकोल आणि होड्या जाता जाता गावाच्या कचराडेपोत टाकल्या. थर्माकोल बुडत नाही, हे नरेंद्रने कुणी न विचारता सांगितलं. पाटावर फक्त देवी आणि हरीण. बॉस्टनच्या पलीकडचा तो किनारा, मंडळाचा गणपतीही तिथेच पोचवायचे. दुपार होती, पण एप्रिलच्या वाऱ्यात चिटपाखरू नव्हतं. विनीताला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, आणि तिला नजरेआड करायची उत्तराची छातीही नव्हती.

नरेंद्र पाट डोक्यावर घेऊन पाण्यात शिरला. थंडीने त्याच्या तोंडून शिवी आली ती त्याने अर्धी गिळली. कमरेएवढ्या पाण्यात त्याने पाट तीनदा बुडवला. तिसऱ्या वेळी पाट रिकामा वर आला. लांब कुठेतरी पाण्यावर ठप्प... ठप्प... चालू होतं. हळूहळू दूर जात होतं, हे उत्तराला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. जा बाई, ती मनात म्हणाली. जा आता.

तेवढ्यात तिच्या मागे विनीताने दोन्ही हात वर केले आणि मंडळाच्या मिरवणुकीत दर वर्षी ओरडायची तशी, एक अक्षर न चुकता, गळा फाडून ओरडली,

"पुढच्या वर्षी लवकर या!"

उत्तराने झडप घालून तिचं तोंड दाबलं. "काय केलंस हे! अगं काय केलंस!"

"व्हॉट?" विनीता तिच्या बोटांतून रडवेली होऊन म्हणाली. "वी ऑल्वेज से दॅट!"

बरोबर होतं तिचं. बोलायला लागायच्या आधीपासून तिला हेच शिकवलं होतं, खांद्यावर बसवून, टाळ्या वाजवून. नरेंद्रला दहादा बजावलं. पोरीला एकदाही सांगायचं कुणाला सुचलं नाही.

नरेंद्र पाण्यात तसाच उभा होता, रिकामा पाट छातीशी धरून. ठप्प ठप्प थांबलं होतं. शीळही थांबली होती. एखाद्याने हाक ऐकून चालता चालता थबकावं, तसं.

परतताना नरेंद्र ओल्या कपड्यांतच गाडी चालवत होता. उत्तरा मागच्या सीटवर लेकीला कुशीत घेऊन बसली. वाऱ्याने उडालेलं खारं पाणी पोरीच्या गालावर वाळलं होतं. उत्तराने पदराने ते पुसलं. पदर पिवळा झाला. तिने आणखी जोरात पुसलं. गाल होता तसाच राहिला, गोरा, थंड, आणि पदर आणखी पिवळा झाला. गाडीभर केशराचा वास पसरला.

"काय झालं?" नरेंद्रने आरशातून विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तू समोर बघ."

एक वर्ष तरी हातात आहे, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण पोरगी लवकर म्हणाली होती.